रिकाम्या चौकटीचे उत्तर

मित्रांनो, ओल्गा दुरिश नावाच्या बाईंचे एक पत्र आमच्या कचेरीत आले होते. एकाच पानाचे, निळ्या शाईतले. त्यात एकच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर द्यायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या दोन ओळी माझ्यावर टाइप व्हायच्या होत्या. त्या झाल्या नाहीत.

मी एक जुना टाइपरायटर आहे. विजेवर चालणारा, करड्या रंगाचा, उचलायला दोन माणसे लागतील एवढा जड. आजवर मी हजारो पत्रे लिहिली, पण त्यातले एकही वाक्य माझे स्वतःचे नव्हते. त्यामुळे ही हकीकत मला नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म अमेरिकेत, दक्षिणेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्याहून जुन्या टाइपरायटरांना अक्षरांच्या काड्या असतात. मला लिंबाएवढा एक गोळा आहे, त्याच्या अंगावर सगळी अक्षरे कोरलेली आहेत. कळ दाबली की तो गर्रकन फिरतो आणि नेमके अक्षर कागदावर टेकवतो. तिथून मला ओहायो नदीकाठच्या एका गावात पाठवले गेले. त्या गावात चिनी मातीची ताटे, बशा आणि कप करणारा एकच मोठा कारखाना होता, आणि गावातल्या प्रत्येक घरातले कोणी ना कोणी तिथे कामाला होते. मला कर्मचारी विभागाच्या खिडकीजवळ ठेवले. खिडकीच्या त्या बाजूला कामगार उभे राहत आणि या बाजूला व्हर्ना क्लाइन बसत असे.

व्हर्ना ही माझी बोटे, असे म्हटले तरी चालेल. ती उंच, हडकुळी आणि कमी बोलणारी होती. आम्ही दोघांनी मिळून नेमणुकीची पत्रे लिहिली, निवृत्तीची मानपत्रे लिहिली, कोणी वारले तर घरच्यांना सांत्वनाची पत्रे लिहिली. तिचे वरिष्ठ प्रुइट साहेब पाहुण्यांना माझ्यापाशी आणून म्हणत, "या टेबलावरून चुकीचा कागद बाहेर जात नाही." असे ऐकले की माझी मोटर थोडी जास्तच गुणगुणत असे. त्या कौतुकावर मी फार विश्वास ठेवला, असे आता वाटते.

ओल्गा दुरिश यांना मी आधीपासून ओळखत होतो. त्या रेघवाल्या बाई होत्या. फिरत्या चाकावर बशी ठेवायची, सोन्याच्या पाण्यात भिजवलेला कुंचला तिच्या काठाला टेकवायचा आणि चाक एकदा फिरवायचे, हे त्यांचे काम. रेघ जिथून निघाली तिथेच तिने येऊन मिळायला हवे, सांधा दिसता कामा नये. ओल्गाबाईंच्या बशीवर सांधा कोणाला सापडत नसे. त्यांचे यजमान एमिल भट्टीवर होते. ते खिडकीशी आले की म्हणत, "माझी बायको दिवसभर सोन्यात हात घालते, आणि घरी येते ती रिकाम्या हाताने!"

पूर्वी कारखान्याचा साधा विमा होता. वाटेल त्या डॉक्टरकडे जा आणि बिल कचेरीत द्या. गावात 'वाटेल तो डॉक्टर' म्हणजे डॉक्टर लेस्को. निम्मे गाव त्यांच्याच हातावर जन्मले होते. मग विम्याचा खर्च फार वाढला, आणि कंपनीने कामगार संघटनेशी बोलून नवी आरोग्य योजना घेतली. या योजनेत प्रत्येक घराने यादीतला एक डॉक्टर आपला म्हणून निवडायचा. काहीही दुखले तरी आधी त्याच्याकडे जायचे. त्याने चिठ्ठी दिली तरच मोठ्या तज्ज्ञाकडे जायचे, आणि तोही यादीतला हवा. चिठ्ठीशिवाय गेलात तर बिल तुमचे तुम्ही भरायचे.

योजना वाईट होती असे मी म्हणणार नाही. लहान मुलांच्या लसी फुकट झाल्या. वर्षातून एकदा तपासणी करून घ्यायची म्हणून व्हर्ना गेली, तेव्हा तिचा रक्तदाब वाढलेला सापडला आणि वेळेवर औषध सुरू झाले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण एका अन्यायाच्या गोष्टीत बाकीचे चांगले पुसून टाकणे मला बरे वाटत नाही.

योजनेचा विक्रेता आला तो डोनटचा खोका घेऊन. हसरा, गुबगुबीत माणूस. नोंदणीच्या कागदावर 'तुमचा डॉक्टर' अशी एक चौकट होती. व्हर्नाने त्याला विचारले, "आमच्याकडचे बहुतेक लोक डॉक्टर लेस्कोंकडेच राहणार. ते यादीत आहेत. या लोकांनी इथे काय लिहायचं?"

"काही नाही," तो डोनट चघळत म्हणाला. "राहायचंच आहे तर लिहायचं कशाला? बदलायचा असेल त्यानं लिहावं."

व्हर्नाने प्रुइट साहेबांकडे पाहिले.

"अगं, टाक तसंच," साहेब म्हणाले. "लोकांना जेवढं कमी लिहायला लावशील तेवढं बरं."

मग तिने माझ्यावर सूचनांचा एक कागद टाइप केला. त्यात हे वाक्य होते: 'जे आपल्या सध्याच्या डॉक्टरांकडेच राहणार आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या नावाची चौकट रिकामी सोडावी.' पिवळ्या कागदावर त्याच्या प्रती निघाल्या आणि पगाराच्या पाकिटातून घरोघर गेल्या.

ते वाक्य चुकीचे होते. योजनेच्या जाडजूड पुस्तिकेत, मागच्या पानांत, बारीक अक्षरात लिहिले होते की चौकट रिकामी असेल तर योजना स्वतःच डॉक्टर नेमून देईल. ज्या डॉक्टरकडे जागा रिकामी असेल तो.

गंमत अशी, की आमच्या गावाने तो पिवळा कागद वाचलाच नाही. पगाराच्या पाकिटातले कागद चूल पेटवायला किंवा बुटात घालायला, अशी तिथली रीत. त्यांनी चौकट रिकामी सोडली ती सवयीने. डॉक्टर लेस्कोंचे नाव त्या गावात कोणी कधी कुठल्या कागदावर लिहिलेच नव्हते. कोणाचा डॉक्टर कोण, हे सगळ्यांना ठाऊक असे; ते लिहिणे म्हणजे आपल्या आईचे नाव विसरू नये म्हणून हातावर लिहून ठेवण्यासारखे. सगळ्या कारखान्यात तो कागद वरपासून खालपर्यंत वाचणारी एकच बाई होती. ती म्हणजे ओल्गा दुरिश. त्यांनी वाचले, आणि कागदात सांगितले होते तसेच केले.

नवी ओळखपत्रे टपालाने आली. त्यावर कोपऱ्यात कोणा अनोळखी डॉक्टरचे नाव छापलेले होते. लोकांना वाटले, असेल योजनेचा कोणी अधिकारी. ओळखपत्रे खिशात गेली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ओल्गाबाई कामावरचा रंगीत एप्रन अंगावर तसाच ठेवून खिडकीशी आल्या.

"व्हर्ना, माझ्या उजव्या डोळ्यापुढं काळे ठिपके नाचतायत गं. आणि कडेला वीज चमकल्यासारखं होतंय. काल लेस्को डॉक्टरांनी बघितलं. म्हणाले, आतला पडदा फाटायला लागलाय, उद्याच्या उद्या डोळ्यांच्या सर्जनकडे जा. त्यांनी चिठ्ठी पण दिली. पण सर्जनच्या दवाखान्यात म्हणतात, ही चिठ्ठी चालत नाही. लेस्को म्हणे माझे डॉक्टरच नाहीत!"

"नाहीत म्हणजे?"

"त्यांच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कोणाचं नाव आहे. दोन डोंगर ओलांडून पलीकडे असतो म्हणे तो. त्याला फोन केला, तर तो म्हणतो, तुम्ही नवीन पेशंट, तीन आठवड्यांनी या."

व्हर्नाने तिथल्या तिथे योजनेला फोन लावला. बराच वेळ फोनमधून संगीत वाजत राहिले. मग ती बोलू लागली. पलीकडचे मला ऐकू येत नव्हते, तिचे तेवढे येत होते. "हो, डॉक्टर बदलायचाय... आजपासून... एक मार्चपासून? नाही नाही, तेवढं थांबता येणार नाही... तातडीचं आहे... नाही, दुखत नाहीये... नाही, रक्त नाही... अहो पण दुखत नसलं तरी..." तिने फोन ठेवला तेव्हा तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"ते म्हणतात, डॉक्टरचं नाव बदलता येतं, पण बदल पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू होतो. दुखत नसेल तर तातडीत बसत नाही म्हणे."

ओल्गाबाईंनी चिठ्ठीची घडी घालून ती एप्रनच्या खिशात ठेवली. "मग थांबते. एमिल पण म्हणत होता, दुखत नाही तर कशाला घाबरतेस. सर्जनचं बिल आपल्या अंगावर आलं तर घर विकावं लागेल, म्हणतो."

"ओल्गा, तू तरी पण जा. बिलाचं मी बघते काहीतरी," असे व्हर्ना म्हणेल, असे मला वाटले. ती म्हणाली नाही. तिला तरी काय ठाऊक होते? कचेरीतल्या माणसाला नियम सांगता येतो. नियम मोडायचे धाडस त्याने दुसऱ्याला कोणाच्या जिवावर द्यावे? मी तिला दोष देत नाही. पण ते वाक्य त्या खिडकीत बोलले जायला हवे होते, असे मला अजून वाटते.

एक तारखेच्या आधीच डोळ्यावर खालून सावली चढत आली. मार्च उजाडल्यावर शस्त्रक्रिया झाली, अगदी नियमाप्रमाणे, योग्य चिठ्ठीनिशी. उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार यांच्यातला फरक तेवढाच कळत राहिला. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही. कुंचला बशीला टेकला की अजून केसभर वर आहे, हे ओल्गाबाईंना समजेना. त्यांना रेघांवरून काढून बांधणीच्या विभागात दिले, पेंढ्यात ताटे गुंडाळायला.

आणि मग त्यांचे ते पत्र आले. ओळी उजवीकडे खाली उतरत गेल्या होत्या. मजकूर साधारण असा होता:

'मला पैसे नकोत आणि तक्रारही करायची नाही. योजनेतल्या बाई फोनवर म्हणाल्या, चौकट तुम्ही रिकामी सोडली, पुस्तिका तुम्ही वाचली नाही, चूक तुमची. मला आठवते की तुमच्या पिवळ्या कागदात रिकामी सोडा असे लिहिले होते. कागद मी टाकून दिला. बाकी कोणालाच तसे आठवत नाही. एमिल म्हणतो, तुला स्वप्न पडले असेल. मला एवढेच कळवा, की तसे लिहिले होते का. मी चुकीचे वाचले असेन तर तसेही सांगा.'

व्हर्नाने ते पत्र दोनदा वाचले. मग माझ्यात कोरा कागद घातला, तारीख टाकली आणि 'प्रिय मिसेस दुरिश' एवढे टाइप केले. तितक्यात प्रुइट साहेब मागे येऊन उभे राहिले.

"काय लिहितेस?"

"तिनं विचारलंय ते. होतं म्हणून."

"वेडी आहेस का? लेखी दिलंस की उद्या वकील घेऊन येईल ती."

"साहेब, ती म्हणते पैसे नकोत."

"सगळे असंच म्हणतात. आज ती, उद्या अख्खा कारखाना. व्हर्ना, तुझी आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं तुझ्या या नोकरीवर चाललंय. मी काही सांगायला हवं का?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. व्हर्नाने माझी बाजूची मूठ फिरवली आणि कागद ओढून काढला. त्याने माझ्या रुळावर जो खर्रकन आवाज केला, तो मला आवडला नाही. आधी असे शेकडो कागद निघाले होते, पण ते चुकलेले असत. हा बरोबर होता.

कचेरीत उरलेले पिवळे कागद फेकून दिले गेले. कारखान्याच्या बोर्डावर नवा, पांढरा कागद लागला: चौकट कृपया भरावी. ओल्गाबाई दर पगाराला खिडकीशी येत, पाकीट घेत, "थँक यू, व्हर्ना" म्हणत आणि जात. त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. त्यांनी एकदा जरी रागाने टेबलावर हात आपटला असता, तर बरे झाले असते.

पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले. मला पाकिटांवर पत्ते टाइप करण्यापुरते ठेवले, मग तेही बंद झाले. माझ्या डोक्यावर एक कुंडी आली आणि तिचे पाणी माझ्या कळांत झिरपू लागले. साहेब दुसऱ्या राज्यात गेले आणि तिथेच वारले. बाहेरच्या देशांतून स्वस्त ताटे येऊ लागली आणि एके दिवशी कारखान्याच्या भट्ट्या विझल्या. सामान विकायला काढले तेव्हा व्हर्ना मला मागून घेऊन गेली. तिच्या तळघरात मी बीटच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी बरीच वर्षे होतो. तिने माझ्यावर चादर घातली होती. धुळीसाठी, की मी दिसू नये म्हणून, कोण जाणे.

मग चर्चच्या लोकांना माझी गरज लागली. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी तिथे मांस खात नाहीत. त्या दिवशी विकायला गावातल्या बायका आदल्या दिवशी चर्चच्या तळघरात जमून पिरोगी करतात. लाटलेल्या चकतीत बटाट्याचे सारण भरायचे, दुमडायची आणि कडेला मुरड घालायची. कोणत्या पिरोगीत काय आहे, याच्या चिठ्ठ्या आणि दरांचा कागद टाइप करायला व्हर्ना मला तिथे घेऊन आली. लांब टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ओल्गा दुरिश. केस पांढरे झालेले, चष्म्याची उजवी काच दुधी. मुरड त्या बोटांनीच घालत. बघण्याची गरजच नव्हती.

त्या दिवशी त्यांची नात टिफनी आली. तिला वृद्धाश्रमात पहिली नोकरी लागली होती आणि हातात कागदांचा गठ्ठा होता.

"आजी, आमच्या इथे पण आरोग्य योजना आहे. यात डॉक्टर निवडायचाय. काय लिहू?"

पलीकडे बटाटे कुस्करत असलेले एमिल ओरडले, "अगं तिला काय विचारतेस! तुझ्या आजीनं ती चौकट रिकामी ठेवली आणि एक डोळा देऊन बसली. आमच्या घरची सर्वात महाग रिकामी जागा आहे ती!"

बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "एमिल, तोंड कमी आणि हात जास्त चालव. मागच्या वेळी सारणात गुठळ्या होत्या."

"गुठळ्या नव्हत्या, बटाटा होता तो!"

ओल्गाबाईही हसल्या. मग हातावरचे पीठ झटकत त्यांनी नातीला जवळ ओढले. "पण खरंच सांगतोय तो. सगळं वाच, बाळा. दोनदा वाच. मला वाटलं होतं, मी वाचलंय. अगदी डोळ्यापुढं दिसायचं मला, असं असं लिहिलंय म्हणून. पण नव्हतं तसं. तेव्हापासून मी माझ्या वाचण्यावर भरवसाच ठेवत नाही. दुकानातली पावतीसुद्धा याच्याकडून वाचून घेते."

"अगं आजी, तुझा डावा डोळा तर ठणठणीत आहे."

"डोळा ठणठणीत आहे गं. मीच नाही."

व्हर्नाची बोटे माझ्यावर थांबली होती. माझ्यात दरांचा कागद अर्धवट होता.

"व्हर्ना, कोबीच्या पिरोगीचा दर टाकलास का?" कोणीतरी विचारले.

"थांब जरा," ती म्हणाली. तिने तो कागद काढून बाजूला ठेवला आणि दुसरा, कोरा घातला. कुंडीच्या त्या पाण्याने माझ्या काही कळा अडकत होत्या. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. तिने लिहिले ते असे:

'प्रिय ओल्गा,

तुझ्या पत्राचे उत्तर मी तेव्हाच द्यायला हवे होते. तू बरोबर वाचले होतेस. पिवळ्या कागदावर चौकट रिकामी सोडावी असेच लिहिले होते. तो कागद माझ्याकडे आता नाही, पण मीच तो टाइप केला होता, म्हणून मला पक्के माहीत आहे. चूक कागदाची होती, तुझी नव्हती. सगळ्या कारखान्यात तो कागद नीट वाचणारी तूच होतीस. उत्तर दिले तर माझी नोकरी जाईल, अशी मला भीती होती. कदाचित गेली असती, कदाचित नसती. यामुळे तुझा डोळा परत येत नाही, हे मला कळते.

हे पत्र एमिलला तू स्वतः वाचून दाखव.

व्हर्ना क्लाइन'

"कोणाकडे टपालाचं तिकीट आहे का?" तिने विचारले.

"कोणाला पत्र लिहितेस, आता ईमेलच्या जमान्यात?"

"एक राहिलं होतं."

तिकीट मिळाले. पाकिटावर तिने ओल्गाबाईंचा पत्ता माझ्यावर टाइप केला, आणि त्या तर टेबलाच्या दुसऱ्या टोकालाच होत्या. हातात का दिले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, सगळ्यांसमोर दिले असते तर एमिलने किंवा नातीनेच ते मोठ्याने वाचून दाखवले असते. टपालाने ते त्यांच्या घरच्या टेबलावर जाईल. तिथे त्या एकट्या, हव्या तितक्या वेळा, आपल्या डोळ्याने वाचतील. पण मी टाइपरायटर आहे; माणसांच्या मनातले मला नेहमी बरोबर कळतेच असे नाही.

मित्रांनो, अशा हकीकतींच्या शेवटी जुन्या वस्तू आपल्याला पुसायला, तेल घालायला सांगतात. मलाही तेल हवे आहे, नाही असे नाही. पण मागायचेच असेल तर मी दुसरे मागेन. उद्या तुम्हीही खिडकीच्या आतल्या बाजूला बसाल. कोणी येऊन विचारील, 'चूक माझी होती का?' तुम्हाला खरे उत्तर ठाऊक असेल, तर ते त्याला त्याच दिवशी द्या. माणूस उत्तराची वाट पाहत राहत नाही. तो स्वतःच एक उत्तर तयार करतो आणि बहुधा ते स्वतःच्या विरुद्ध असते.

व्हर्नाने कोट चढवला आणि ती बाहेर गेली. तळघराची खिडकी रस्त्याच्या पातळीला आहे, तिच्यातून माणसांचे फक्त पाय दिसतात. व्हर्नाचे तपकिरी बूट कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपर्यंत गेले आणि उभे राहिले. इतका वेळ उभे राहिले, की मला भीती वाटली. मग पेटीचे झाकण खडकन वाजले. आणि पत्र खरोखर आत पडले ना, हे पाहायला तिथली माणसे झाकण पुन्हा उघडतात तसे, ते आणखी एकदा वाजले.